मंडईत उतरलेलं यान

भैयाजींनी माझे कागद वाचले, चष्मा काढला आणि विचारलं, "हा आकाशातून आलेला माणूस आपल्यासारखा काऊन बोलून राहिला?"

मी विचारलं, मग त्याने कसं बोलावं? ते म्हणाले, इंग्रजी बोलेल, नाहीतर पेपरातली शुद्ध मराठी तरी बोलेल. मला हसू आवरेना. जो प्राणी इतके तारे ओलांडून आला त्याला अमेरिकेची भाषा येते, पुण्याची येते, आणि उतरला तो आमच्या शेतात, धानाच्या बांधीत, तर आमची तेवढी येऊ नये? हे मी मनात नाही म्हटलं, तोंडावर म्हटलं, अख्ख्या मंडळासमोर. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात उत्तर येत असूनही हात खाली ठेवणारी पोरगी होते. मग गोष्टी लिहायला लागले आणि कळलं, की आपण बनवलेल्या माणसांसाठी आपल्याशिवाय कोणी भांडत नाही.

भैयाजी आमच्या दंडार मंडळाचे मुख्य. दिवाळी झाली की आमच्या तिरोड्याकडच्या गावागावात मंडई भरते. पाळणे येतात, जिलेबीच्या कढया लागतात, सासरच्या पोरी माहेरी येतात, आणि दुपारी मैदानात दंडार होते. दंडार म्हणजे नाच, गाणं, नाटक सगळं एकत्र, पडदा नाही की माईक नाही, लोक गोल करून बसतात आणि मधली जागा आपली. आमच्या गावात मंडळं दोन. एक भैयाजींचं, दुसरं इंद्रकुमार काकांचं. दोन्ही मंडळं एकाच गोलात समोरासमोर बसतात आणि मधे एक नियम बसतो: ज्याची ढोलकी चालू, त्याची पाळी. ढोलकी थांबली की पाळी गेली, समोरच्याने घुसायचं. म्हणून आमचे ढोलकीवाले जागेश्वरकाका तहान लागली तरी एका हाताने वाजवतात आणि दुसऱ्या हाताने पितात.

गेली काही वर्षं इंद्रकुमार काका नवीन सिनेमांच्या चालीवर गाणी बसवतात आणि गर्दी त्यांच्याकडे वळते. आमच्या मंडळात मात्र तोच राजा, त्याच दोन राण्या आणि तोच दारुडा. यंदा भैयाजींनी गावात सांगितलं, कोणी नवीन लिहून आणत असेल तर आणा. त्यांना वाटलं असेल की एखादा मास्तर आणेल. मी आणलं.

खरं म्हणजे ती गोष्ट मी आधी शाळेच्या हस्तलिखितासाठी दिली होती. मराठीच्या सरांनी परत केली. म्हणाले, ही सिनेमाची नक्कल आहे, साहित्य मातीतून येतं, सिनेमातून नाही. मी त्यांना विचारलं, सर, मंडईत आमच्या गणाची चाल कुठून आली? ती सिनेमाचीच. लग्नातल्या बँडची सिनेमाची, भीमजयंतीच्या गाण्यांच्या चाली सिनेमाच्या. चाल आलेली चालते, मग गोष्ट आलेली का नाही चालत? सर म्हणाले, घंटा झाली, वर्गात जा. घंटा झाली नव्हती.

आणि नक्कल कसली? मी आईच्या मोबाइलवर आकाशातले सिनेमे पाहते हे खरं. इयरफोनचा डावा कान तुटलेला होता, तेव्हा कित्येक महिने मी निम्मंच संगीत ऐकलं. वाढदिवसाला मामाने नवीन इयरफोन दिला आणि तोच सिनेमा पुन्हा लावला तर मी उठून उभी राहिले. खालून एक सूर येत होता, इतका खोल, की वाटलं जमिनीतून चालून राहिला. तो संपतच नव्हता. आपल्या गाण्यात सूर येतो आणि जातो. हा सूर आला आणि राहायला लागला. मग यान अंधारात सुटलं आणि एकदम सगळं बंद. ना सूर, ना घरघर, काहीच नाही. मला वाटलं चार्जिंग संपलं. नंतर समजलं की आवाज मुद्दामच काढून घेतला होता, कारण तिथे हवा नाही, आणि हवा नाही तर आवाज कशातून जाणार? विज्ञानाच्या पुस्तकात हे वाक्य मी पाठ केलं होतं, पण ते मला खरं त्या दिवशी कळलं.

त्यानंतर माझ्या लिहिण्यातच फरक पडला. आधी मी "एक गाव होते" असं सुरू करायची. आता मी वरून सुरू करते. आधी काळोख, मग खाली एक लाल दिवा उघडझाप करताना, मग जवळ आलं की तो वीज केंद्राच्या चिमणीवरचा दिवा निघतो, मग बांधी, मग बांधीत वाकलेल्या बाया. हे मला कोणत्याच धड्याने शिकवलं नाही. आणि कुठे काय लिहायचं यापेक्षा कुठे काहीच नाही लिहायचं हे मोठं, हेही मला सिनेमानेच शिकवलं.

माझ्या दंडारीची गोष्ट अशी: चंदा नावाची बाई रोवणीला, म्हणजे धान लावायला, जाते. यानवाले तिला नेतात, एक चक्कर मारून सांजच्याला परत आणून सोडतात. तिच्यासाठी एक दिवस झाला आहे, गावात साठ वर्षं झाली आहेत. समोर तिची पोरगी उभी, आता म्हातारी. आई तरुण, पोरगी म्हातारी. दोघी एकमेकींना पाहतात, आणि इथे मी कागदावर लिहिलं होतं: सगळं बंद. ढोलकीसुद्धा.

भैयाजींनी आकाशातल्या माणसाच्या बोलीचा मुद्दा सोडून दिला, वर थोडे हसलेही. पण या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, हे काटून टाक. मी म्हटलं, हे काटलं तर बाकीचं राहूच नये. ते म्हणाले, "पोरी, पाळी जाईल. तुझा दिमाग ठिकाणावर हाये का?" मी म्हटलं ठिकाणावर आहे म्हणूनच लिहिलं. शेवटी ठरलं, की आधी बाकीचं बसवू, मग पाहू. म्हणजे त्यांच्या मनात नाहीच ठरलं होतं आणि माझ्या मनात होच.

दुसरं भांडण माझ्यावरून. दंडारीत बाईचं काम पुरुष करतात आणि आमच्याकडे ते कवडूकाका करतात, जवानीपासून. लुगडं नेसून चालायला लागले की बायासुद्धा पदर तोंडाला लावून बघतात. मी म्हटलं, चंदा मी होणार. कोणी म्हणालं, पोरगी मैदानात नाचली नाही आजवर. तेव्हा कवडूकाकाच बोलले, की या गुडघ्यांनी मी जवान आई होऊ का? मला म्हातारी पोरगी होऊ द्या, तिला आई होऊ द्या. झालं ठरलं. घरी आईने एक दिवस बोलणं टाकलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचं रोवणीचं लुगडं काढून दिलं.

राहिलं संगीत. माझे आबाजी, हिरालाल त्यांचं नाव, आयुष्यभर झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवत आले. पायाने भाता मारायचा, लाकडी, पेटीपेक्षा मोठा. आता कंपनी सुटली, ऑर्गन घरी आहे, आणि एप्रिलमध्ये भीमजयंतीला तेवढा बाहेर निघतो. मी आबाजींच्या कानात इयरफोन घातला. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, हा वाजवणारा दाबून बसला आणि उठायला विसरला का? मी म्हटलं, तसंच करायचं आहे. खालच्या दोन पट्ट्या दाबायच्या आणि सोडायच्याच नाहीत. म्हणाले, हे वाजवणं नाही, हे तर पहारा देणं झालं. पण बसले. आणि त्यांच्या ऑर्गनची एक वरची पट्टी फाटकी आहे, दाबली की सूर थरथरतो. नाटकात ते ती पट्टी चोरून टाळायचे. मी म्हटलं, आबाजी, यान उतरताना हीच पाहिजे. पहिल्यांदा लाजले. मग इतक्यांदा दाबली की शेजारचं कुत्रं रडायला लागलं.

यान म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली. वर ताडपत्री, तिच्यावर लग्नाच्या डेकोरेशनचा चंदेरी कागद, आत आबाजी आणि त्यांचा ऑर्गन. चार माणसांनी ढकलत आणायची.

आता माझी चूक सांगते. तालमीत भैयाजी एकदाही ढोलकी थांबू देत नव्हते. मी विचार केला, अडचण भैयाजींची नाहीच, अडचण समोरच्या ढोलकीची आहे. तिने त्या क्षणी घुसायचं नाही एवढंच तर पाहिजे. मग सरळ जाऊन सांगावं की. मी सायकल काढली आणि इंद्रकुमार काकांच्या अंगणात गेले. ते धान वाळत घालत होते. मी सगळं समजावून सांगितलं, यान उतरेल, ऑर्गन बंद होईल, मी आणि कवडूकाका समोरासमोर उभे राहू, आणि काही वेळ काहीच वाजणार नाही. ते नाटकातच आहे, ती थांबलेली ढोलकी नाही. तेवढा वेळ तुम्ही घुसू नका.

काकांनी फावडं टेकवलं. "म्हणजे कधी घुसायचा, हे तू मले घरी येऊन सांगून राहिली?"

मी म्हटलं, कधी घुसायचं नाही ते सांगून राहिले. ते इतके हसले की आतून काकू बाहेर आल्या. मला चहा दिला. चहा पिताना मला वाटलं होतं की काम झालं.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं. चक्कीवर, किराण्यात, सगळीकडे एकच हसू, की भैयाजींच्या मंडळाने या साली आपली पाळी घरपोच दिली. भैयाजी तालमीला आले ते मला न पाहता जागेश्वरकाकांशी बोलले. ढोलकी पहिल्या थापेपासून शेवटपर्यंत चालेल, यान उतरो का आभाळ पडो. मग माझ्याकडे वळले.

"आनि तू. मंडळाची पाळी तुझ्यामुळे गेली, तर पुन्हा माझ्यापुढे कागद आनू नको."

मी त्या दिवशी रडले, पण घरी. मैदानात नाही. रडून झाल्यावर कागद पुन्हा वाचला. ढोलकी टिकटिकत आहे आणि आई साठ वर्षांनी पोरीला पाहून राहिली, हे मी डोळ्यांपुढे आणून पाहिलं. ते वरातीत थांबून पान खाल्ल्यासारखं दिसत होतं. मी ती ओळ काटली नाही.

मंडईचा दिवस. ऊन छान, गर्दी अशी की झाडांवर पोरं. इंद्रकुमार काकांच्या मंडळाने आधी त्यांची गाणी म्हटली, लोक नाचले, मग त्यांच्या ढोलकीवाल्याचा हात आखडला आणि जागेश्वरकाकांनी झडप घालून पाळी घेतली. गण झाला. चंदा रोवणीतून नाहीशी झाली त्याला साठ वर्षं झाली, हे गाण्यातून सांगून झालं. मग आबाजींचा सूर निघाला, आणि ट्रॉली गोलात येऊ लागली. कोणीतरी ओरडलं, धान कुठं नेऊन राहिले बाप्पा? लोक हसले. मग फाटकी पट्टी लागली, आणि हसणं कमी कमी होत गेलं. एका म्हातारीने नातवाला जवळ ओढलं. मी ताडपत्रीच्या आत ते फटीतून पाहत होते आणि आबाजींचा पाय भात्यावर चालत होता, एकसारखा.

ताडपत्री वर झाली. मी उतरले. लुगडं वर खोचलेलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले, हातात पऱ्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी. नोव्हेंबरात परे कुठले, बांधावरचं गवतच होतं, पण दुरून कोणाला कळत नाही. समोर कवडूकाका, डोक्यावर तागाचे पांढरे केस, हातात काठी. आबाजींनी पट्ट्या सोडल्या. सूर गेला. आणि उरली जागेश्वरकाकांची ढोलकी. टिक, टिक, टिक.

मी कवडूकाकांकडे जायचं होतं. मी वळले आणि जागेश्वरकाकांकडे गेले. आणि ढोलकीच्या कातड्यावर तळहात ठेवला. माझा चिखल तिला लागला. त्यांनी भैयाजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांची बोटं अजून दोनदा हलली, माझ्या हाताखाली, मग थांबली.

ती शांतता मी कागदावर लिहिली होती, पण मला माहीत नव्हतं की तिच्यात एवढं काही असतं. पाळण्याची करकर ऐकू आली. जिलेबी तळल्याची चुरचुर ऐकू आली. तिरोड्याच्या बाजूने मालगाडी गेली ती ऐकू आली.

आणि मग समोरून इंद्रकुमार काकांच्या ढोलकीवर थाप पडली. धाड. नियमच तो. आमची पाळी गेली. मागे सूर धरणाऱ्या आमच्या झिलकऱ्यांनी झांजा खाली ठेवल्या, भैयाजींनी मला हाताने खूण केली, निघ बाहेर. मी नाही निघाले. मी परत जाऊन कवडूकाकांसमोर उभी राहिले. ते निघाले असते तर मी एकटी काय करणार होते, माहीत नाही. पण तेही जागचे हलले नाहीत. मंडळात सगळ्यात जुना माणूस, त्याला नियम माझ्यापेक्षा जास्त माहीत, आणि तो काठी टेकवून उभा.

तिकडे गाणं सुरू झालं होतं. कवडूकाका खाली वाकले, माझ्या पायांना हात लावला, आणि जे बोलले ते माझ्या कागदात नव्हतं. बाईचा बारीक आवाज काढला नाही, स्वतःच्या जाड, बसलेल्या आवाजात बोलले.

"माय, तुझे पाय अजून ओलेच हायेत वो."

पुढच्या रांगेला ऐकू गेलं. मागच्यांना नाही. मागचे विचारू लागले, का म्हणला, का म्हणला? पुढच्यांनी मान वळवून सांगितलं. त्यांनी त्यांच्या मागच्यांना. मी डोळ्यांनी पाहिलं, ते वाक्य माणसामाणसांतून मागे सरकत गेलं आणि जिथे पोचलं तिथले लोक उठून उभे राहिले. त्यानंतर आम्ही जे बोललो ते सगळं असंच गेलं, हातोहात. आम्ही बोलायचो आणि थांबायचो, म्हणजे मागे पोचायला वेळ मिळेल. समोर ढोलकी, झांज, चार गळे मोकळे सुटलेले, आणि लोकांच्या पाठी त्यांच्याकडे. ट्रॉलीजवळ थांबलेला यानवाला म्हणाला, चल, तुझं इथे कोणी उरलं नाही. चंदाने जुडी दाखवली आणि म्हणाली, माझी अर्धी बांधी राहिली आहे रोवायची. आई पुढे, म्हातारी पोरगी मागे, दोघी वाकून रोवत गोलाच्या बाहेर गेल्या आणि चौघांनी ट्रॉली चंदाशिवायच ढकलत नेली. आबाजींनी शेवटी एकही पट्टी दाबली नाही. नंतर म्हणाले, हात उचलला होता, पण लोकांकडे पाहिलं आणि ठेवून दिला.

बाहेर आल्यावर बायांनी मला घेरलं. आई त्यांच्यात होती. तिने माझ्या पायांवर लोटाभर पाणी ओतलं आणि चिखल धुवायला लागली, आणि मधेच थांबून तसंच पाहत राहिली.

भैयाजी आले. मी वाट पाहत होते. ते म्हणाले, पाळी गेली. मी म्हटलं, गेली. ते म्हणाले, तुले आधीच सांगितला होता. मी म्हटलं, हो, आणि मी ऐकलं नाही, पुढच्या वेळीही नाही ऐकणार, तुम्ही कागद नका घेऊ. मी दुसरीकडे नेईन. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. रागावले होते का, ते समजेना. आमच्याकडे शेवटची पाळी गमावणाऱ्या मंडळाने जिंकणाऱ्याला नारळ द्यायचा असतो, आणि तो मुख्याने द्यायचा असतो. भैयाजींनी नारळ माझ्या हातात दिला. "तूच गमावली, तूच देऊन ये."

मी तशीच गेले, लुगड्यात, ओल्या पायांनी. लोक वाट करून देत होते. इंद्रकुमार काका घाम पुसत बसले होते, गळ्यात झेंडूची माळ. मी नारळ पुढे केला. त्यांनी घेतला, मांडीवर ठेवला, आणि आवाज बारीक करून विचारलं, की कवडू खाली वाकला तिथवर पाहिलं मी, पुढे काय झालं? बाई यानात परत गेली का राहिली?

त्यांच्या मंडळातले सगळे माझ्याकडे पाहत होते. त्यांचा ढोलकीवालाही.

"तुमचीच ढोलकी वाजून राहिली होती, काका," मी म्हटलं. "ऐकायचं असेल तर पुढच्या साली थांबवा."